राक्षसाची बुद्धी उणे दोन

मित्रांनो, माझ्या कोपऱ्यांकडे बघून नाक मुरडू नका. सव्वीस वर्षं हाताळल्यामुळे ते गोल झाले आहेत. मी जुनी वही आहे, हे मला मान्यच आहे. पण कशी वही? एकशे ब्याण्णव पानांची, रेघी, जुजबंदी केलेली! जुजबंदी म्हणजे काय हे आजकाल सांगावं लागतं, म्हणून सांगते. माझी पानं डिंकाने चिकटवलेली नाहीत, घड्या घालून दोऱ्याने शिवलेली आहेत. इतक्या वर्षांत माझं एकही पान सुटलेलं नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

बाइंडिंगच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे दिवसभर खळीचा आंबूस वास असायचा. एका बाईंनी मला शिवलं. त्या गाठ मारून दोरा दाताने तोडायच्या आणि पुढची वही घ्यायच्या. मग यंत्राखाली माझ्या तीन बाजू कापल्या गेल्या. तेव्हा मी जाम घाबरले होते, पण डोळे मिटून उघडायच्या आत सगळं झालंसुद्धा. पुढे एका शाळेने खेळांच्या स्पर्धेत बक्षीस द्यायला आम्हा बारा बहिणींना विकत नेलं.

मी आले गोळाफेकीच्या वाट्याला. चौदा वर्षांच्या एका मुलाने गोळा एवढा लांब फेकला की मोजायची फीत कमी पडली. माझ्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलंय, 'गोळाफेक, पहिला क्रमांक'. तो मुलगा इतका थोराड होता की त्याचे गुडघे बाकाखाली मावत नसत. त्याने मला घरी नेलं, खाकी कव्हर घातलं आणि लगेच धाकट्या भावाच्या हातात दिलं.

"तूच घे, छोट्या," तो म्हणाला. "तू सारखं काहीतरी लिहीत असतोस. मला कशाला वही?"

अशी मी अकरा वर्षांच्या छोट्याची झाले. छोट्याने मित्राच्या घरी एक अजब खेळ पाहिला होता. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं कुणीतरी व्हायचं. कुणी राक्षस, कुणी परी. खंदकावरून उडी मारली, ती जमली की नाही? तर फासे टाकून बघायचं. मित्राने नियमांचं पुस्तक एक दिवसही घरी नेऊ दिलं नाही. मग या पठ्ठ्याने आठवेल तेवढं आठवून आणि उरलेलं मनाने रचून अख्खा खेळ माझ्यात लिहून काढला.

प्रत्येकाचे सहा गुण. ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि समोरच्यावर पडणारी छाप. एकेका गुणासाठी तीन फासे टाकायचे, बेरीज येईल तेवढा गुण. आणि मग माझ्या अकराव्या पानावर जमातींचा तक्ता. कुठल्या जमातीला कुठल्या गुणात दोन जास्त आणि कुठल्या गुणात दोन कमी, हे त्या तक्त्यात होतं.

आता गंमत ऐका. हे आकडे छोट्याने काढले कुठून? घरातून आणि शेजारातून! त्याची मधली बहीण, ताई, वाऱ्यासारखी पळायची पण लगेच धापा टाकायची. म्हणून पऱ्यांना चपळाई अधिक दोन, दम उणे दोन. शेजारच्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा बुटका होता. तो तासन्‌तास मान खाली घालून बसायचा आणि तो खोलीत आहे हे कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. म्हणून बुटक्यांना दम अधिक दोन, छाप उणे दोन. माणूस व्हायचा तो स्वतः छोट्या. माणसाला अधिक नाही आणि उणंही नाही. स्वतःचं काहीही कमी करायचं नाही, हे त्याला बरं सुचलं!

राक्षस म्हणजे अर्थातच दादा. ताकद अधिक दोन, यात शंकाच नव्हती. पण उणं कुठे करायचं? छोट्याने पेन्सिल चावचावून पाहिली आणि तो रकाना कोरा सोडला.

मग खेळ सुरू झाला. छोट्याच्या प्रत्येक गोष्टीत एक पहारेकरी असायचा आणि तो कोडं घालायचा. कोडं दादाकडे आलं की दादा डोकं खाजवायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "मी राक्षस! मला काय कळतंय!" सगळे हसून लोटपोट. छोट्याला पुराव्याचं भारी वेड. त्याने माझ्या चाळिसाव्या पानावर नोंद ठेवली. राक्षसाला घातलेली कोडी तेवीस, सुटलेली शून्य. त्या संध्याकाळी त्याने अकरावं पान उघडलं आणि कोऱ्या रकान्यात शाईने लिहिलं, 'बुद्धी उणे दोन'. खाली एक नियमही घातला. ज्याची बुद्धी दहाच्या खाली, त्याने कोड्याचं उत्तर द्यायचं नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा घडत होती. ती फक्त मला ठाऊक होती, आणि तीसुद्धा अर्धीच. अधूनमधून दादा मला एकटाच हातात घ्यायचा, मागच्या बाजूचं खाकी कव्हर अलगद सोडवायचा आणि आतल्या उघड्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहायचा. मला गुदगुल्या व्हायच्या. लिहून झालं की तो कव्हर परत नीट खोचून ठेवायचा. काय लिहिलं असेल? आपली पाठ आपल्याला कुठे दिसते? माझ्या पोटात काय आहे ते मला पानन्‌पान पाठ आहे, पण पाठीवर काय आहे याचं कोडं मला सव्वीस वर्षं सुटलं नाही.

मुलं मोठी झाली. दादा जड सामान हलवायच्या कामाला लागला. कपाटं, पलंग, लोखंडी तिजोऱ्या. ताईने शिवणाचं यंत्र घेतलं. छोट्या छापखान्यात मुद्रितशोधक झाला, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा त्याला पगार मिळू लागला. मी गेले माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांखाली. पंधरा वर्षं मला कुणी हात लावला नाही. एकशे सत्तराव्या पानावर कसरीने जेवण उरकलं. रडू आलं असतं, पण कागदाने रडून कसं चालेल?

मला खाली काढलं ते दादाच्या मुलीसाठी. ती तेरा वर्षांची आहे. बापावर गेली आहे, चांगलीच उंच. शाळेत तिला 'शिडी' म्हणतात. छोट्या आता तिचा काका आणि ताई तिची आत्या. शेजारचा तो बुटका मुलगा आता वडिलांच्या दुकानात बसतो आणि सगळे त्याला घड्याळजी म्हणतात. रविवारी दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा मागच्या खोलीत हे चौघे मला मध्ये ठेवून खेळायला बसू लागले. भिंतीवर चाळीस घड्याळं, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. दादा मात्र खेळत नसे. पाच वाजता मुलीला न्यायला यायचा आणि दारात वाकून उभा राहायचा.

"तू पण बस की," आत्या म्हणायची.

"नको गं. डोक्याचं काम आहे ते," तो हसून म्हणायचा.

पहिल्याच दिवशी शिडीने राक्षसीण व्हायचं ठरवलं. पूल बांधणारी राक्षसीण. "तिला सगळी मापं तोंडपाठ असतात," ती म्हणाली. बुद्धीसाठी फासे टाकले, अकरा आले. काकांनी तक्ता बघून नऊ लिहिले. तिचा चेहरा उतरला, पण ती गप्प बसली. तीन रविवार तिची राक्षसीण नुसते दगड उचलत राहिली.

चौथ्या शुक्रवारी शाळेने एक कागद दिला. शनिवारच्या तासाला मुलांनी काय निवडायचं, क्रीडा संघ की गणित मंडळ? पालकांनी खूण करून सही करायची आणि सोमवारी कागद परत द्यायचा. शिडीला गणित मंडळ हवं होतं. दादाने काही न विचारता क्रीडा संघावर खूण करून सही ठोकली. "आपल्याकडे ताकद आहे, बाळा," तो म्हणाला. "डोकं सगळं तुझ्या काकाकडे गेलं." शिडीने तो कागद घडी घालून माझ्यात ठेवला. कुठे? अकराव्या पानावर, त्या तक्त्याच्या पोटात. आठवडाभर मी तिच्याच दप्तरात असायचे, त्यामुळे मला सगळं कळलं. सोमवार यायला दोनच दिवस होते.

त्या रविवारी तिने तोंड उघडलं.

"काका, माझ्या राक्षसिणीची बुद्धी नऊ का? फासे तर अकरा पडले होते."

"अगं, जमातीचा नियम आहे तो. हुशार व्हायचंय तर माणूस हो की."

"मला उंचच व्हायचंय. आणि हुशारही."

"उणे दोन आहे म्हणून तर मजा आहे, वेडे. अवघड असूनही जमवून दाखवायचं!"

"ते मी शाळेत रोज दाखवते," शिडी म्हणाली. "इथे तरी मला सुट्टी द्या."

घड्याळजींनी डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलं आणि काकांची बाजू घेतली. "फरक हवाच. घड्याळात मोठं चाक सावकाश फिरतं, लहान भरभर फिरतं. सगळी एकाच मापाची केली तर काटा जागचा हलायचा नाही. राक्षस आणि बुटका सारखेच, तर मग नुसती सोंगं बदलायची. त्यात काय राम?"

मला हे पटलं, मित्रांनो. खरंच पटलं. सगळे एकसारखे झाले तर माझं अकरावं पान कोरंच नाही का राहणार?

"पण मोठं चाक मठ्ठ असतं असं तुम्ही कुठे म्हणता?" शिडीने विचारलं. आणि लगेच मला तेही पटलं. आता काय करावं?

आत्या कोपऱ्यात गणवेशाला बटणं लावत होती. "आठवीच्या मुलांचं एक माप ठरलेलं असतं," ती सुईत दोरा ओवत म्हणाली. "माप खोटं नसतं. पण ते बरोब्बर बसेल असं एक पोर मला अजून भेटायचंय. म्हणून मी शिवणीत दोन बोटं कापड आत सोडते."

"ताई, इथे खेळ चाललाय, शिवणकाम नाही."

"बरं बाबा," म्हणून आत्याने दोरा तोडला.

शिडी माझ्या तक्त्याकडे बघत होती. "हा तक्ता अख्ख्या जमातीचा आहे ना, काका? मी अख्खी जमात खेळत नाहीये. मी एकीलाच खेळतेय."

काका अडले की पुराव्याकडे वळतात. त्यांनी चाळिसावं पान उघडलं. "हे बघ. आकडा मी हवेतून काढलेला नाही. तेवीस कोडी, एकही सुटलं नाही. चला, पुढे खेळू."

खेळ पुढे सरकला. बुरुजाच्या दाराशी पहारेकरी आला आणि काकांनी माझ्यातलं जुनं, सतरावं कोडं काढलं. बुरुजाला सात पायऱ्या आहेत. एका वेळी एक पायरी चढता येते किंवा एकदम दोन. तर वर जायचे एकूण प्रकार किती?

आत्या बोटं मोजू लागली. घड्याळजी पुटपुटू लागले. शिडीने कागदाच्या कपट्यावर काहीतरी खरडलं आणि नियम विसरून ती ओरडली, "एकवीस!"

"एक तर तुझ्या राक्षसिणीला बोलायची मुभा नाही," काका म्हणाले. "आणि बोललीस तेही चूक. वीस."

"एकवीस, काका. मोजा ना."

"वीस. हे बघ, लिहिलेलं आहे." खरंच होतं. माझ्याच पानावर 'वीस' लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. काकांनी तिच्या कपट्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शिडीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग तुमचा तक्ता बरोबरच आहे. बाबांनीही तेच ठरवलंय," ती म्हणाली आणि माझ्यातला शाळेचा कागद तिने हिसकला. कागद निघाला, पण त्याच्याबरोबर मीही टेबलावरून निघाले आणि जमिनीवर धाडकन तोंडावर आपटले. सव्वीस वर्षांचं खाकी कव्हर वरपासून खालपर्यंत टरकन फाटलं.

अगंबाई! पहिल्यांदाच माझ्या उघड्या पाठीवर उजेड पडला. आत्याने मला उचललं, फुंकर मारली आणि ती तशीच थांबली.

"छोट्या, हे तुझं अक्षर नाही."

"काय आहे?"

"एक ते तेवीस आकडे आहेत. पुढे उत्तरं आहेत. सगळ्या कोड्यांची." आत्या माझी पाठ खिडकीजवळ धरून वाचू लागली. मीसुद्धा कान टवकारले. सतराव्या आकड्यापाशी तिने एकदा छोट्याकडे पाहिलं. "'सतरावं. एकवीस. छोट्या वीस म्हणतो, चुकलंय. सांगायचं नाही, रडेल.'"

दारात दादा वाकून उभा होता. पाच वाजले होते. सामान उचलायचा पट्टा त्याच्या खांद्यावर तसाच होता.

"दादा," काकांनी विचारलं, "तुला येत होती? सगळी?"

"सगळी नाही रे. दोनचार रात्रभर डोकं खाऊन सुटली."

"मग बोलला का नाहीस?"

"पहिलं कोडं मी लगेच सोडवलं तर तू वही मिटून मोरीत जाऊन रडत बसलास. आठवत नाही? ते कोडं तू नोंदीत धरलंच नसशील. मग मी म्हटलं, कशाला उगाच."

"अरे, मी अकरा वर्षांचा होतो!"

"म्हणूनच तर."

काकांनी पेन्सिल घेतली. त्यांनी प्रकार मांडले. दोनची उडी एकदाच घेतली तर सहा. दोनदा घेतली तर दहा. तीनदा घेतली तर चार. "वीसच होतात की," ते हळूच म्हणाले.

दादा आत आला, टेबलापाशी गुडघ्यावर बसला आणि त्याने जाड बोट कागदावर टेकवलं. "एकेक पायरी चढत जायचं, ते तू धरलंच नाहीस."

एकवीस. जगाच्या चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःची चूक सव्वीस वर्षं दिसली नव्हती. काका रडले, मित्रांनो. मोरीत न जाता सगळ्यांसमोर रडले. "दादा, मी तुला शाईने उणं केलं रे."

"तू एकट्याने नाही," दादा म्हणाला. "मी गंमत म्हणून बोलायचो. मग सगळेच बोलायला लागले. मग मलाही वाटलं, असेल खरं." त्याने खाली पडलेला शाळेचा कागद उचलला आणि स्वतःचीच खूण बघत राहिला. "बाळा, मी तुला विचारलंच नाही ना?"

"नाही."

"काय हवंय तुला?"

"गणित मंडळ." मग जरा थांबून, "गोळाही फेकायचाय."

"गोळा मी शिकवीन. रविवारी सकाळी." त्याने पहिली खूण खोडली, नवी केली आणि पुन्हा सही केली. या वेळी सही करायला त्याला बराच वेळ लागला.

मग तक्त्याचं काय झालं? काकांनी 'बुद्धी उणे दोन' खरडून काढलं नाही. छापखान्यात चुकीच्या शब्दाला करतात तशी लाल शाईने काढून टाकायची खूण केली आणि समासात आत्याचा नियम लिहिला. शिवणीतली दोन बोटं. जमातीचे अधिक दोन आणि उणे दोन ज्याने त्याने आपल्याला हवे तिथे ठेवायचे. घड्याळजी इतक्या सहज थोडेच ऐकणार! "पण राक्षस दारातून वाकूनच येणार," ते म्हणाले, "आणि लहान होडीत मावणार नाही." ते सगळ्यांना मान्य झालं. आता काकांची कुरकुर असते की सगळेच बुद्धीत अधिक दोन घेतात, मग जमाती ओळखायच्या कशा? घड्याळजी म्हणतात, मी आधीच सांगितलं होतं. दर रविवारी यावर भांडण होतं. खरं उत्तर काय, ते मला अजून कळलेलं नाही. मी नुसती ऐकत असते. दोन्हीकडचं ऐकायला मजा येते.

दादा आता खेळतो. पहिल्या दिवशी त्याने पुन्हा राक्षसच घेतला. बुद्धीसाठी तीन फासे टाकले. सहा, चार, तीन. त्याने पेन्सिल उचलली आणि कुणी काही म्हणायच्या आत सवयीने 'अकरा' लिहिलं.

शिडीने खोडरबर त्याच्यापुढे सरकवला. "बाबा, तेरा."

त्याने खोडलं. माझं पान जरा चुरगळलं, पण चालायचंच.

मित्रांनो, म्हाताऱ्या वहीचं मागणं ते केवढं असणार! वह्या कोरड्या जागी ठेवा. कसरीपासून जपा. आणि कुणाच्या नावापुढे उणं लिहायची वेळ आलीच तर पेन्सिलीने लिहा, आणि त्याआधी वही एकदा उलटी करून बघा. काकांनी परवा मला नवीन कव्हर घातलं. खाकी नाही, आरपार दिसणारं. माझी पाठ मला अजूनही दिसत नाही. पण शिडी दर रविवारी मला उचलते, उलटी करते, सतरावी ओळ वाचते आणि मगच खेळायला बसते.